पाडव्याला करवत घ्यायला गेलो

फौजेतून सुटल्यावर आमचे हे गुडगावच्या नव्या वसाहतीत सुतारकाम करू लागले. फौजेतही त्यांचं काम तेच होतं. आमच्या भोवतीच्या शेतांत तेव्हा इमारती उठत होत्या आणि ज्याला त्याला भिंतीतली कपाटं हवी होती. घरामागे पत्र्याची शेड घातली. हातकरवतीने प्लाय कापून यांचा खांदा धरायचा, म्हणून टेबलाची करवत घ्यायचं ठरलं. वर लोखंडी टेबल, मधल्या फटीतून गोल पातं वर आलेलं, खाली मोटर. पातं फिरत राहतं आणि आपण हाताने फळी त्याच्यावर ढकलत न्यायची. मी विचारलं, ढकलणारा हात थांबतो कशाने? हे हसले. म्हणाले, "डोक्याने."

त्या उत्तराने मला धीर आला नाही. जेवताना हे पोळीचा तुकडा मोडू लागले की माझी नजर त्यांच्या बोटांवर जायची. यांच्या कामात मी कधी तोंड घातलं नव्हतं.

खरेदी दिवाळीच्या पाडव्याला करायची म्हटलं, मुहूर्ताचा दिवस. हत्यारांची पूजा आमची खंडेनवमीलाच झाली होती. छावणीत इतकी वर्षं काढली, पण बाहेरचे लोक या दिवशी काय करतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. जुन्या दिल्लीतल्या मशिनींच्या बाजारात पोचलो तर निम्मी दुकानं बंद. एक उघडं दिसलं म्हणून आत शिरलो. आत प्रत्येक मशिनीवर झेंडूची माळ, पात्यांना टिळे, आणि सतरंजीवर सुतार मिस्त्री ओळीने बसलेले. दुकानदार म्हणाला, फौजी साहब, आज विश्वकर्माची पूजा आहे, आज आमच्याकडे कुणी हत्याराला हात लावत नाही. बघा, निवडा, पण चालवून दाखवणार नाही. हे खट्टू झाले. मला मात्र हायसं वाटलं. एक दिवस तरी पुढे गेला.

पूजा संपली तेव्हा बाईमाणूस मी एकटीच होते, म्हणून दुकानदाराने बुंदीचं ताट माझ्या हातात दिलं. "भाभीजी, आप बाँट दो." मी पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून वाटू लागले. तोंडं मला दिसलीच नाहीत, नुसते पुढे आलेले तळहात दिसत होते. पहिला चांगला होता. दुसऱ्याला करंगळी नव्हती. पुढे एकाच्या अंगठ्याचं वरचं पेर गेलेलं, जागा जुनी, गुळगुळीत. मग दोन हात चांगले. मग एक हात आला त्याची मधली दोन बोटं मुळापासून नव्हती. मी बुंदी घातली ती त्या मोकळ्या जागेतून सतरंजीवर सांडली. त्याने दुसऱ्या हाताने दाणे वेचले आणि खाल्ले. रोजचं असावं तसं. मी ताट पोटाशी धरलं आणि पुढे सरकले.

तोवर यांचं पाहणं चाललं होतं. दोन करवती पसंतीला आल्या. एक मोठी, ओतीव लोखंडाची, मोटरचा पट्टा उघडा, पातं उघडं. दुसरी लहान, बाहेरच्या देशातून नुकती येऊ लागलेली. तिच्या पात्यावर काचेसारखं पारदर्शक झाकण होतं आणि पात्यामागे एक उभी पोलादी पट्टी. कापलेलं लाकूड पात्याला आवळू नये, नाहीतर फळी उलटी अंगावर येते, म्हणून ती पट्टी. दुकानदाराने हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, पण झाकण लोक दोन दिवसांत काढून टाकतात, कामात आडवं येतं. मोठीच घ्या, जन्मभर जाईल. हे मोठीच्या टेबलावरून हात फिरवत होते, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. दुकानदाराने विचारलं, आठ फुटी प्लाय पलीकडून धरणार कोण?

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "घर में हैं ना."

मला कुणी विचारलं नव्हतं. त्या ओळीत मला आता यांचा हात दिसत होता आणि त्याच्या शेजारी बांगड्यांसकट माझा.

मी बाहेर हिंदी बोलत नाही. भाजीसुद्धा बोट दाखवून घेते. पण त्या दोन बोटं नसलेल्या मिस्त्रीपाशी गेले आणि विचारलं, "भाईसाहब, आपकी मशीन पर ढक्कन था?"

तो म्हणाला, "था, बहनजी. हमने ही खोला था. फिर सीधे हिंदूराव अस्पताल ले गए."

"तब से उस्ताद आठ तक ही गिनता है," शेजारचा बोलला. सगळे हसले. उस्तादही हसला.

यांना लाजल्यासारखं झालं. हळूच म्हणाले, "अगं, चार लोकांत काय हे?"

मी मराठीत म्हटलं, "अहो, पलीकडून मी धरीन. पण झाकणवाली घ्या. आणि झाकण काढलंत तर मी शेडमध्ये पाऊल टाकणार नाही."

यांनी मोठीच्या टेबलावरून आणखी एकदा हात फिरवला. मग दुकानदाराला म्हणाले, लहान लिहून ठेवा.

टेम्पोतून ती आठवड्याने आली. सोबतची पुस्तिका इंग्रजीत होती, पण एका पानावर हाताचं चित्र आणि त्यावर लाल फुली होती, ते मला कळलं. मी बांगड्या काढल्या, पदर खोचला, पलीकडे उभी राहिले. आवाज सुरू झाला तसे माझे दात एकमेकांवर आपटू लागले. फळी माझ्याकडे सरकत आली. तिसऱ्या फळीनंतर यांनी बटण बंद केलं. भुशाने झाकण आतून पांढरं झालं होतं.

"कापायची रेघच दिसत नाही गं," म्हणत यांनी झाकणाच्या स्क्रूला हात घातला.

मी फळी सोडली आणि दाराकडे निघाले. यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडे चिडलेच. मग फडकं घेतलं, झाकण उचलून आतून पुसलं आणि परत खाली बसवलं.

मी पलीकडे जाऊन फळी धरली. भीती त्या दिवशी काम संपेपर्यंत गेली नाही, आणि पुढेही किती तरी दिवस.