नानांसाठी भरलेली कॅसेट

धुळ्याच्या स्टँडवर सकाळची मुंबई गाडी लागली तेव्हा आमच्या घरचे सगळे माझ्याकडे बघत होते, एकटे नाना सोडून. नाना, म्हणजे माझे वडील, गाडीत चढले होते. ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा. त्याला सांगून त्यांनी इंजिनावरचं झाकण उचललं, खिशातला वीतभर लांब पेचकस काढला, त्याचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. खाली माय पदराने डोळे पुसत होती, थोरली अक्का माझ्या पिशवीत दशम्या कोंबत होती, आणि मी न्यूझीलंडला चाललेला मुलगा, माझ्याच गाडीत चढायला वाट मिळेना म्हणून पायरीशी ताटकळत होतो. शेवटी नाना उतरले. "हाई गाडी चांदवडना घाट चढी जाई," म्हणाले. "मांगला सीटवर बसू नको, पोटमा ढवळस." झाला निरोप. मला असा राग आला, की गाडी चांदवडचा घाट चढून गेली तरी तो उतरला नाही.

नानांचं आग्रा रोडला ट्रकचं गॅरेज होतं. गॅरेज कसलं, चार पत्रे आणि एक कडुनिंब. पण जळगाव-अमळनेरकडचे ट्रकवाले वाट वाकडी करून यायचे, कारण नाना इंजिन उघडण्याआधी ऐकायचे. ट्रक रस्त्यावरून आत वळतानाच म्हणायचे, "तिसऱ्या नंबरला बघ." आणि दोष तिसऱ्या सिलिंडरलाच निघायचा. देवपूरच्या आमच्या घरात जिन्यावर कोण चढतंय हेही त्यांना न बघता कळे. माझं तर हमखास, कारण मी एकटाच दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचो.

ही घाई माझ्या अंगात कुठून आली देव जाणे. अमळनेरच्या कॉलेजात सायन्सला गेलो, वर्षभरात सोडलं. धुळ्यात डिप्लोमा कसाबसा पुरा केला, तोही माय रुसून बसली म्हणून. मग जळगावला पाइपच्या कारखान्यात दीड वर्ष, नाशकात एक, पुण्यात दोन. कुठेही गेलो की पहिले सहा महिने मी गावभर कौतुक सांगणार, सातव्या महिन्यात कुठेतरी काहीतरी अडणार, साहेब, खोली, पाणी, काहीही, आणि आठव्या महिन्यापासून माझी वळकटी बांधून तयार. जे माझ्यासारखे घर सोडून गेलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. जे मागे राहिले त्यांना समजावता येत नाही.

न्यूझीलंडला मी एका दूध पावडरच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. वर्षभराने मीनाला आणलं. मीना माझी बायको, एरंडोलची, कमी बोलणारी आणि बोलली की वर्मावर बोट ठेवणारी. तीन वर्षांत आम्ही तीन घरं बदलली. मग लेक झाली, आणि लेक झाल्यावर माणसं पाळणा घेतात तशी मी गाडी घेतली.

तिकडे त्या काळात जपानमधून वापरलेल्या गाड्या जहाजं भरभरून यायच्या. त्यातलीच ही. राखी रंगाची, पाच दारांची, मागे इतकी लांब की फोटो पाठवला तर मायने अक्काकरवी विचारलं, दवाखान्यात नोकरी लागली का? वरून बघावं तर भाजी आणायची गाडी. पण बॉनेटवर एक नाकपुडी होती आणि त्याखाली दोन टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावरच फिरणारा पंखा, जो त्याच इंजिनाला जास्तीची हवा पाजतो. साध्या गाडीला एकही नसतो, हिला दोन. पहिला लवकर जागा होतो, दुसरा मागून.

तिचे लाड विचारू नका. पेट्रोल महागातलंच लागायचं. ताकद चारही चाकांना जायची, म्हणून एक टायर झिजला की चारही बदला. लांबून आलो की लगेच किल्ली फिरवायची नाही, मिनिट-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, टर्बो निवू द्यायचे. मीना लेकीला घेऊन घरात जायची, तिचं दूध गरम व्हायचं, तरी मी आपला अंगणात गाडीत बसलेला. माहितीपुस्तक अथपासून इतिपर्यंत जपानी. रेडिओवर जपानातली स्टेशनं लागतील इतकेच आकडे, त्यात न्यूझीलंडचं एकच स्टेशन सापडायचं आणि त्यावर दिवसभर घोड्यांच्या शर्यती. मला ती फार आवडायची. तीही आपलं गाव सोडून आली होती आणि तिलाही इथलं नीट ऐकू येत नव्हतं.

फोन रविवारी. माझी दुपार, त्यांची सकाळ. फोन पहिल्यांदा नाना घ्यायचे. पहिल्या वर्षी बरं बोलायचे. पुढे पुढे मोजून तीन वाक्यं. "बरा शे ना? कामवर लक्ष दे. ले, मायसंगे बोल." मी मध्ये काही विचारलं तर त्याचं उत्तर नाही. एकदा म्हटलं, नाना, नात बोलायला लागली. तिकडून, "कामवर लक्ष दे." मी मनाशी ठरवून टाकलं की म्हातारा अजून चिडलेला आहे. एकुलता एक पोरगा गॅरेज सोडून गेला, तो राग. अक्काच्या पत्रात यायचं, "नाना आता इंजिनाला हात लावत नाहीत, फक्त कमानपाट्यांचं काम करतात." कमानपाट्या म्हणजे ट्रकच्या चाकांवरचे स्प्रिंग. तेही मी माझ्याच खात्यावर धरलं. उमेद गेली असणार माझ्यामुळे.

गाडीला वर्ष होत आलं आणि ती अडखळायला लागली. म्हणजे अडखळत आधीपासून असेल, मला आता टोचायला लागलं. जोर लावला की पहिल्यांदा छान उचल घ्यायची, मग मध्येच कुणी गळपट्टी धरल्यासारखी मंदावायची. गिअर वरचा टाकावा, तर पुन्हा तेच. दोन गॅरेजवाल्यांना दाखवली, दोघांनी खांदे उडवले. नेमकं त्याच सुमारास मला कारखानाही नकोसा झाला होता. ऑस्ट्रेलियात पर्थला खाणीवर नोकरी होती, तसं पत्र येऊन पडलं होतं. गाडी विकायची, घर आवरायचं, चलायचं. मीनाला नुकतं एका शाळेत काम लागलं होतं आणि लेकीला शेजारच्या म्हातारीचा लळा. मी म्हटलं, "ही गाडी काही खरी नाही." ती भांडी विसळत होती. म्हणाली, "तुम्हाला गाडीचा कंटाळा नाही आलेला. मुक्कामाचा आलाय. या खेपेला आम्ही दोघी येणार नाही."

असं ती याआधी कधी म्हणाली नव्हती. तिसऱ्या दिवशी मला नाना आठवले, किंवा खरं सांगायचं तर दोष गाडीचाच आहे हे सांगणारा एक पक्का साक्षीदार मला हवा होता.

मीनाचा टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला आणि कोरी कॅसेट घातली. गायींच्या कुरणांमधून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर गाडी पळवली. नानांना समजावं म्हणून प्रत्येक गिअरला मोठ्याने ओरडत होतो. पहिला! दुसरा! तिसरा! अर्ध्या तासाची एक बाजू भरली. सोबत चिठ्ठी लिहिली, की दोन टर्बो आहेत, मध्येच अडखळते, ऐकून काय दोष आहे तो कळवा, त्यावर माझं पर्थचं ठरणार आहे.

दीड महिन्याने पाकीट आलं. अक्षर अक्काचं, ती देवपूरच्या शाळेत शिकवते, त्यामुळे फळ्यावर लिहिल्यासारखं. पण शब्द नानांचे, तिने जसेच्या तसे उतरवले होते. "गाडीले काहीच व्हयेल नई. ती अडखळनी का तू लगेच गियर बदली टाकस. बदलू नको. तशीच धरी ठेव."

मला पुन्हा राग आला. हे काय निदान झालं? पण त्या रविवारी मी त्याच रस्त्यावर गेलो. मीना शेजारी, लेक मागे, सगळ्यात मागे आठवड्याचा बाजार. दुसऱ्या गिअरला गाडी अडखळली. माझा हात सवयीने गिअरवर गेला. मी तो उचलून मांडीवर ठेवला आणि पाय दाबूनच ठेवला. एक सेकंद गेला. आणखी एक. वाटलं, बंद पडते आता. आणि मग दुसरा टर्बो आला. मागे बटाट्याची पिशवी फुटली, बटाटे गडगडत दाराशी गेले, लेक खिदळायला लागली आणि मीनाने माझा दंड घट्ट धरला. वर्षभर गाडी माझी होती आणि तिच्या दुसऱ्या टर्बोपर्यंत मी एकदाही पोचलो नव्हतो. मी रस्त्याकडेला थांबलो आणि हसता हसता मला रडू आलं. पर्थला नकार कळवला, तो त्याच आठवड्यात.

धुळ्याला गेलो तो त्यानंतर दोन वर्षांनी. जिन्यावर मुद्दाम दोन-दोन पायऱ्या चढलो. नाना दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मी उंबऱ्यात उभा राहिलो, हाक मारली, बॅग टेकवली. त्यांनी पान उलटलं. मायने त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले, आणि मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की त्यात रागाचा मागमूस नव्हता. तो कधी नव्हताच.

अक्का मला गच्चीवर घेऊन गेली. म्हणाली, "तू गेलास त्यानंतर दीड वर्षात त्यांचे कान गेले. जन्मभर त्या आवाजात उभे. मुंबईच्या डॉक्टरलाही दाखवलं. फोन वाजला की माय खूण करते, ते आपली तीन वाक्यं बोलून तिच्या हातात देतात."

"मग कॅसेट?"

कॅसेट सगळ्यांनी मिळून ऐकली होती. नानांनी टेपरेकॉर्डरवर तळवा ठेवला, पण त्यांना काही उमगेना. मग त्यांनी अक्काला समोर बसवलं. मी गिअर ओरडलो की तिने तेवढी बोटं वर करायची. नाना मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पूर्ण बाजू संपली तेव्हा ते म्हणाले, "हाऊ पोऱ्या कोठेच थांबत नई." आणि पत्र सांगायला बसले.

"मला का नाही कळवलं?" मी ओरडलोच.

अक्का गच्चीवरचे वाळलेले कपडे गोळा करत होती. "मी लिहायला घेतलं होतं. त्यांनी कागद काढून घेतला. म्हणाले, त्याले सांगू नको. तठूनबी निंघी येई तो."

खरंच आलो असतो. आठवडाभरात गाडी विकून, कारखाना सोडून, मीनाचं काम मोडून आलो असतो, आणि आग्रा रोडच्या पत्र्याखाली सातव्या महिन्यात मला पुन्हा काहीतरी अडलं असतं. माझा बाप मला ओळखून होता. मी एका जागी टिकावा म्हणून त्याने मला परत बोलावण्याचं एकमेव खरं कारण लपवून ठेवलं. हे मला आजही गोड लागत नाही.

परत आल्यावर रविवारचे फोन चालूच राहिले. फोन पहिल्यांदा नानाच घ्यायचे. आता मी मध्ये काही विचारत नसे. रिसीव्हर कानाला लावून उभा राहायचो आणि तीन वाक्यं पुरी ऐकायचो, मगच मायशी बोलायचो. नाना गेले तोवर असंच.

गाडी अजून आहे. आतून झिजली, एकदा इंजिन उतरवलं, लेक तिच्यावर चालवायला शिकली आणि गिअरवरून माझी बोलणी खाल्ली. घर आम्ही मग बदललं नाही. अंगात अजून किडा वळवळतो, नाही असं नाही. दुसऱ्या गावच्या नोकरीची जाहिरात दिसली की मी ती दोनदा वाचतो. पण लांबून आलो की अंगणात मिनिट-दोन मिनिटं गाडी चालू ठेवून बसावंच लागतं, आणि तेवढ्यात मला धुळ्याच्या घरातला तो फोन आठवतो. पलीकडे मी आहे की नाही, हे नानांना कळायला काही मार्ग नव्हता. मी आहे असं ते धरून चालायचे. म्हणून मी तिथे असायचो.