दहा किलो पीठ आणि सोपी वाट

रविवारी आमच्या ग्रुपबरोबर फिरून आलं की बुटातून अरवलीची वाळू निघते आणि डोक्यात एक तरी किस्सा उरतो. वाळू झटकता येते हो! किस्से मात्र साठत जातात, आणि पाहुणे आले रे आले की समीर, म्हणजे माझा नवरा, सुरूच होतो. तो सगळं तिखटमीठ लावून सांगायच्या आत मीच सांगून टाकते.

ग्रुप म्हणजे फरीदाबाद आणि गुरुग्रामची आम्ही तीन-चार मराठी घरं. पोरं सगळी लहान. त्यांना मॉलऐवजी झाडं दाखवावीत, एवढीच माफक इच्छा. माझी इच्छा मात्र वेगळी होती. आमचा अर्णव पाच वर्षांचा. घसरगुंडीवरून पडून पाय मोडला होता. प्लास्टर कधीच निघालं, डॉक्टर म्हणाले, "पाय बिल्कुल ठीक है, बस चलाइए." पण घराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की हा हात वर करून उभा. "आई, उचल." माझा जीव नुसता टांगणीला लागलेला.

*

वाट निवडायचं काम मंदारचं. मंदार पुण्याचा, कॉलेजात असताना दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गडावर. त्याचा पहिला मेसेज आला : "एकदम ईझी आहे यार, पूर्ण फ्लॅट!"

आम्ही टोप्या, डबे घेऊन पोचलो. समोर उभा खडकाळ चढ, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. थोड्याच वेळात सगळी पोरं बापांच्या खांद्यावर आणि बाप लालबुंद.

"मंदार, याला तू फ्लॅट म्हणतोस?" नसरीनने विचारलं.

"अगं, दोर लागला का कुठे?"

*

ही नसरीन सोलापूरची, बँकेत ऑफिसर, तीन वर्षांच्या झोयाची आई. तिने तिथेच खडकावर बसून फर्मान काढलं. यापुढे मंदारने आधी एकट्याने यायचं आणि खांद्यावर पोराएवढं वजन घेऊन अख्खी वाट चालायची. दम लागला नाही, तरच ती सोपी!

"पोराएवढं म्हणजे काय घेऊ?"

"पिठाची थैली घे. दहा किलोची. वजन तेवढंच, आणि ती शू आली म्हणून थांबवणार नाही."

*

मंदार बिचारा खरंच गेला थैली घेऊन. जंगलाच्या गेटवर चौकीदाराने अडवलं.

"भाईसाहब, अंदर भंडारा है क्या?"

"नहीं नहीं, टेस्टिंग है."

चौकीदाराने थैली उघडली, चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि गेट उघडलं. "अच्छा है. जाइए."

*

पुढच्या टेस्टिंगचा रिपोर्ट व्हॉइस नोटवर आला. मंदार धापा टाकत होता. "वाट सोपी आहे. सावली आहे. माकडं आहेत. पीठ नाहीये."

मागोमाग फोटो. भुवयांपर्यंत पांढरा!

नसरीनचं उत्तर एका शब्दाचं : "रिजेक्ट." मी खूप हसले. मग शेजारी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसलेला अर्णव दिसला आणि हसू तिथेच विरलं.

*

थंडीतला एक रविवार. आदल्या दिवशी मंदार झोपून राहिला होता, त्यामुळे टेस्टिंग आमच्यासोबतच चाललेलं. त्याच्या खांद्यावर पीठ, समीरच्या खांद्यावर अर्णव. वाटेतल्या तळ्याच्या अलीकडे नसरीनचा पाय मुरगळला, आणि नेमकी तेव्हाच झोया धुळीत फतकल मारून बसली. "मला उचला!"

"पीठ टाकून देऊ का?" मंदार म्हणाला.

"खबरदार! माकडांना आता तुझी ओळख झालीय."

तेवढ्यात वरून आवाज आला. "बाबा, मला खाली ठेव. झोयाला घे."

समीरने माझ्याकडे पाहिलं. मी झाडांकडे पाहिलं, कारण अर्णवकडे पाहायची हिंमतच नव्हती. खाली उतरल्यावर आधी त्याने माझं बोट धरलं. तळं आलं तेव्हा सोडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नसरीनने डोळे वटारून सगळ्यांना आधीच गप्प केलं होतं. लंगडत माझ्याजवळ आली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रड आता, तो पुढे गेलाय." मग मी मनसोक्त रडले. किती महिन्यांनी इतकं हलकं वाटलं!

*

त्यानंतरच्या रविवारी नवीन वाट होती. मंदारने डिकीतून थैली काढली.

"मंदारकाका, आज मी चेक करणार," अर्णव म्हणाला.

"अरे, पण वजन घ्यावं लागतं. नियम आहे."

अर्णवने विचार केला. नसरीनच्या पिशवीतून पोह्यांचं पुडकं काढलं, खांद्यावर ठेवलं, एका हाताने धरलं आणि निघाला. मंदार अंतर ठेवून गुपचूप मागे. वळणापलीकडे दोघंही दिसेनासे झाले. मी उठले, तर नसरीनने माझी ओढणी धरली.

"बस इथे."

"अगं, पण..."

"बस म्हणते ना!"

बसले. चहा हातातच गार झाला. मग वळणावरच्या झुडपांवरून आधी मंदार दिसला, थैली न घेतासुद्धा घामाघूम. त्याच्यापुढे अर्णव. दोन्ही गुडघे धुळीने माखलेले, एक थोडा खरचटलेला. पुडकं मात्र शाबूत.

"काय साहेब, कशी आहे वाट?" समीरने विचारलं.

अर्णवने बाबाकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सोपी आहे, आई. तुला पण जमेल."