मिरच्या माझ्याच होत्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरांनाही नाही — आणि नवऱ्यापासून मी काही लपवते असं कुणी म्हटलं तर आमच्या ओळखीतला सगळा सातारा हसेल. पण लपवलं आहे. तुम्हाला सांगते, कारण आधी एकाला तरी सांगून बघायला हवं. एकदम सगळ्यांसमोर बोलायला जीभ अजून वळत नाही.

गोष्ट तशी एका प्याल्याची. आमचं देऊळ लहान, ख्रिस्ती मंडळी बेताची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब भाकर मोडून देतात, मग मनुका उकळून केलेल्या रसाचा एकच प्याला हातोहात फिरतो — आधी पुरुषांच्या बाकांवरून, मग बायकांच्या. सगळ्यांनी त्यातूनच एकेक घोट घ्यायचा. आपण सगळी देवाची लेकरं, कुणी उंच नाही, कुणी नीच नाही, हे सांगायला याहून सोपं काय असणार? रविवारच्या शाळेत पोरांना मीच ते समजावून सांगायचे. छान सांगायचे, असं सगळे म्हणत.

माझं माहेर सांगलीचं. आजोबा ब्राह्मणाचे ख्रिस्ती झाले, आणि त्यापायी घरदार, भाऊबंद सगळ्याला मुकले. 'आमच्यात जात नाही' हे वाक्य आमच्या घरी मिठासारखं रोजच्या वापरात होतं. तरी ओसरीच्या कोनाड्यात एक पितळी पेला वेगळा असायचा. गावकुसाबाहेरून ख्रिस्ती झालेलं कुणी आलं की आई त्यातून पाणी द्यायची. मग तो राखेने घासून परत कोनाड्यात. कुणी मला काही शिकवलं नाही, मी नुसतं बघितलं. बघून शिकलेलं विसरायला फार वेळ लागतो — का ही मी सबब सांगते आहे? तसं वाटत असेल तर एवढं सोडून द्या.

साराबाई म्हसवडकडची, विधवा. आईबाप मांगवाड्यातले, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला सारा नाव मिळालं. आमच्या मंडळीत गावकुसाबाहेरची ती एकटीच. वयाने माझ्या आईएवढी, तरी मी तिला 'अगं' म्हणे आणि ती मला 'बाई, तुमी'. उन्हाळ्यात ती घरोघरचं तिखट कांडून द्यायची. तिच्या हातचं तिखट आम्ही वर्षभर खात होतो. त्याला माझी हरकत नव्हती — कोरड्याला काय होतंय? प्याला मात्र ओला. त्याला तिचे ओठ लागलेले.

म्हणून मी एक युक्ती काढली. सगळ्यांच्या आधी देवळात जायचं आणि पहिल्या बाकावर बसायचं. प्याला बायकांत आला की आधी माझ्याच हातात. साराबाई मधल्या बाकावर बसे, तिच्याकडे तो माझ्यामागून जाई. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं. वर गंमत बघा, पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात माझंच उदाहरण दिलं — मास्तरीणबाईंना प्रार्थनेची केवढी ओढ, घंटेच्या आधी हजर असतात. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मग युद्धाच्या दिवसांत, ऐन मे महिन्यात, एका रविवारी मला उशीर झाला. धाकटीला गोवर निघाला होता. पोचले तेव्हा पुढे जागा नव्हती, होती ती साराबाईच्या शेजारी. मी बसले. प्याला आला, तिने घोट घेतला आणि माझ्या हातात दिला. मी तो ओठांना लावला — मिटलेल्या ओठांना. मान मागे केली, गिळल्यासारखं केलं, वर तोंडही टिपलं. प्याला पुढे देताना बघते तर साराबाई माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. नुसती बघत होती.

आता ही सगळीकडे सांगणार, हेच माझ्या डोक्यात बसलं. मास्तरीणबाई, पोरांना शिकवणाऱ्या, आणि प्रभूच्या मेजाशी असं सोंग? दुसऱ्या दिवशी मी पाळकीणबाईंकडे गेले. इकडचं तिकडचं बोलले, आणि निघता निघता म्हटलं, साराबाईचा खोकला ऐकलात का? जातच नाही. छातीचं दुखणं तर नसेल? आपली लहान पोरं असतात तिथे, म्हणून आपलं वाटलं.

एवढंच बोलले. यात खोटं ते काय, खोकला तर होताच — असं मनाला समजावत घरी आले. पण तो कशाचा होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. सबंध आठवडा ती माझ्या परसात उखळापाशी उभी राहून तिखट कांडत होती. नाकातोंडाला पदर बांधलेला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, खोकून खोकून बेजार. मिरच्या माझ्याच होत्या.

मंडळीचे पंच बसले. साराबाईने शेवटच्या बाकावर बसावं आणि प्याला सगळ्यांच्या मागून घ्यावा, असं ठरलं. डॉक्टरला दाखवावं असंही कुणी म्हणालं, पण ते बोलण्यावारीच राहिलं. साराबाई मागे जाऊन बसली. दोन घरांनी तिच्याकडचं कांडण बंद केलं. मी बंद केलं नाही — बघा माझा मोठेपणा.

पावसाळा सरत आला तेव्हा ती आमच्याकडे आली. ओसरीच्या पायरीवर टेकली.

"बाई, माजा खोकला कवाच गेला. पाळकसायबास्नी येवडं सांगताल का? तुमचा सबूद ऐकत्यात त्ये."

मी म्हटलं, सांगते.

"मागं बसायचं न्हाई वो वाईट वाटत. पर शेवटाला प्याल्यात कायबी ऱ्हात न्हाई. नुसता वास घिऊन घरला जाती मी."

मी पुन्हा म्हटलं, सांगते. आणि सांगितलं नाही. साऱ्या मंडळीत तिने शब्द टाकला तो माझ्यापाशी, आणि मी तो गिळून टाकला. एक महिना गेला, दुसरा गेला. पाळकसाहेबांनी विचारलं असतं — खोकला साधाच होता हे तुम्हाला कसं माहीत, बाई? मग मे महिन्यात का नाही बोललात? याचं उत्तर माझ्याजवळ होतं, म्हणूनच मी गेले नाही.

नाताळच्या प्रभुभोजनाला मी सवयीने घंटेआधी पोचले. पहिल्या बाकापाशी गेलेसुद्धा. पण बसवेना. नुसता वास घिऊन घरला जाती मी — कानात तेच. वळले, आणि शेवटच्या बाकावर, आधीच येऊन बसलेल्या साराबाईच्याही पलीकडे, भिंतीला लागून बसले. तिने अंग चोरून दोघींमध्ये हातभर जागा सोडली. मी सरकून ती भरून काढली.

प्याला सगळीकडून फिरून आमच्याकडे आला. तळाशी थोडासा रस होता. साराबाईने ओठ जेमतेम ओले केले, बाकीचा माझ्यासाठी ठेवला. मग पदराने प्याल्याची कड पुसली, अगदी नीट, आणि प्याला फिरवून न उष्टावलेली बाजू माझ्याकडे केली.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. त्या रविवारचं, आणि कोण जाणे, आधीच्या सगळ्या रविवारांचंही. आणि ती माझी सोय करत होती. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. मी प्याला उलटा फिरवला आणि तिचे ओठ लागले होते तिथूनच प्याले. रस गोड होता. तिच्या पदरात कायमचं मुरलेलं तिखट ओठांना जरासं झोंबलं.

बाहेर चपला घालताना ती हळूच म्हणाली, "आज प्यालात, बाई." तिचा चेहरा हसरा होता.

पुढच्या महिन्यात पाळकीणबाईही मागे येऊन बसल्या. मग आणखी दोघीतिघी. मागचं बाक गच्च भरलं, पुढचं ओस पडलं, आणि शेवटचं कोण हे ठरवायची सोयच राहिली नाही. पंचांनी तो नियम न बोलता सोडून दिला. प्याला आता भरपूर भरतात, शेवटच्या हातापर्यंत पुरतो. साराबाईला कांडणाची दोन्ही घरं परत मिळाली. हे सगळं चांगलं झालं, फार चांगलं झालं, आणि त्याचा आनंद मला आजही होतो.

पण पाळकसाहेबांनी पुन्हा माझंच उदाहरण दिलं. लीनता शिकावी तर मास्तरीणबाईंकडून, स्वतःहून मागे जाऊन बसल्या. साराबाई शेजारी बसून मान डोलावत होती. मी पुन्हा मान खाली घातली, आणि लोकांना पुन्हा विनय वाटला.

त्यानंतर युद्ध संपलं, इंग्रज गेले. नव्याने येणाऱ्यांना आमची मंडळी अजून कौतुकाने सांगतात, मास्तरीणबाई मागे कशा गेल्या ते. साराबाईला मागे धाडलं कुणी, हे कुणीच विचारत नाही.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. प्याला फिरायच्या आधी मी उभी राहणार आहे. खोकला तिखटाचा होता, मिरच्या माझ्याच होत्या आणि मला ते ठाऊक होतं, एवढंच बोलायचं आहे. नीट ऐकू यावं म्हणून साराबाई आता पुढे बसते, ती पहिल्या बाकावर असेल. तरी तिला कमीच ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानेच सांगावं लागेल.