कामाला न जाणाऱ्या बाया

डिसेंबरातलं धुकं हदगावावर पार नऊ-दहा वाजेपर्यंत बसून राहायचं. स्टँडातल्या गाड्या दिवे लावून निघायच्या. जिनिंगचा भोंगा वाजला तर तो कुठल्या अंगाला वाजला ते कळायचं नाही. कोंडाबाई साडेसहालाच पाळणाघराचं कुलूप काढायची. आधी झाडू, मग ओल्या फडक्यानं फरशी, मग सतरंज्या. गॅसवर पहिलं मोठं पातेलं चढायचं ते खिचडीचं नव्हे, पाण्याचं. लेकराचं ढुंगण गार पाण्यानं धुवायचं न्हाई, हा तिचा कायदा. सरकारच्या कुठल्याच कागदावर तो नव्हता.

कागदावर बाकी बरंच काही होतं. कामाला जाणाऱ्या बायांच्या लेकरांसाठी सरकारी अनुदानावर चालणारं पाळणाघर, एका महिला मंडळाच्या नावानं. दोन खोल्या, एक मोरी, सहा पाळणे आणि सांभाळायला कोंडाबाई. पटावर एकवीस लेकरं. पट वीसच्या खाली गेला की अनुदान बंद. बारा वर्षांत तो कधी गेला नव्हता.

कोंडाबाईचं माहेर लोह्याकडचं. लग्न होऊन हदगावला आली, नवरा रामकिशन जिनिंगमध्ये हमाल, ही कापूस वेचायला. थोरली धम्मप्रिया सात महिन्यांची असताना बांधावरच्या झोळीत असायची. लेकरू झोपून राहावं म्हणून सोबतच्या बायांनी शिकवलं तसं तिला अफूचा एवढासा कण चाटवायचा आणि वेचणीच्या तासाला, ओळीला लागायचं. एके दिवशी दिवस मावळला तरी पोरगी उठलीच नाही. दवाखान्यात नेली, वाचली, आणि आता नांदेडात नर्स आहे. पण त्या संध्याकाळी हातात आलेलं ते लुळं अंग कोंडाबाईच्या हातातून अजून गेलेलं नाही. पाळणाघरात बाई पाहिजे म्हणून कळलं तेव्हा ती मंडळाच्या दारात तीन दिवस बसून राहिली होती. उठून जा म्हणायचाही कंटाळा आल्यावर मंडळानं तिला ठेवली.

त्या दिवशी पाणी कढत आलं होतं तेवढ्यात दारात शिवगंगा मॅडम आल्या. नवीन पर्यवेक्षिका, लातूरकडच्या, गळ्यात मफलर, हातात टॅब.

"कोंडाबाई, चला माझ्यासोबत. आता नुसत्या रजिस्टरवर भागत नाही. घरोघर जाऊन आईच्या तोंडून घ्यायचंय. कामावर निघायच्या आत गाठू सगळ्यांना."

कोंडाबाईला धाक वाटला नाही. पडताळणी व्हायची हे तिला माहीत होतं आणि तिनं सगळ्या आयांना बजावून ठेवलं होतं, 'मॅडम इचारतील, कामाला जाता का म्हणून. हाव म्हणायचं. बस.' सगळ्याजणी माना डोलावून गेल्या होत्या.

सुरुवात तिच्याच बुद्धविहारापुढच्या गल्लीपासून झाली. तिथं एकेका दाराला अर्धं मिनिट लागलं.

"कामाला जाता का?"

"हाव जाते की! न्हाई गेल्यावर खाऊ काय मॅडम, तुमचा टॅब?"

मॅडमही हसल्या. कोंडाबाईला वाटलं, दोन तासांचं काम तासात होतंय.

मग जिलानी गादीवाल्याची गल्ली आली.

जिलानीभाईचं घर म्हणजे पुढं गादी-रजईचं दुकान आणि मागं संसार. पोरगा आसिफ हैदराबादला गाडीवर, वर्षातून दोनदा येणारा. सून हुमा उमरीची, मराठी शाळेतली, तोंडाची गोड. दीड वर्षापूर्वी यासेरला कडेवर घेऊन पाळणाघरात आली ती हळूच म्हणाली होती, "मावशी, मी जिनिंगला कापूस निवडायला जाते. पण गल्लीत शिवण क्लासला जाते असं हाय. तुमी कुणाला बोलू नका."

"मी कशाला बोलू, बाई?" कोंडाबाई म्हणाली. रजिस्टरमध्ये खरं लिहिलं आणि तोंड मिटलं. जिलानीभाई रोज सकाळी लुनावर पुढं यासेरला उभं करून आणायचे, हातात एक केळं द्यायचे आणि म्हणायचे, "कोंडाबाय, लेकरू तुमच्या हवाली." यासेरनं पहिलं पाऊल टाकलं ते याच फरशीवर. पहिल्यांदा 'आजी' म्हणाला ते तिलाच.

जिलानीभाई ओट्यावर चहा घेत बसले होते. सोबत गल्लीतले दोघं-तिघं. मॅडमना पाहून उठले, खुर्ची पुसली. पडद्याआडून हुमा यासेरला घेऊन पुढं आली. यासेरनं कोंडाबाईकडं झेप घेतली. तिनं त्याला कडेवर घेतलं.

"तुम्ही कामाला जाता का?" मॅडमनी विचारलं.

हुमाच्या आधी जिलानीभाईच बोलले. "आमच्या घरच्या बाया कामाला जात न्हाईत मॅडम. अल्लाच्या मेहेरबानीनं तेवढी पाळी आली न्हाई."

"त्यांना बोलू द्या ना चाचा."

हुमाच्या ओढणीला कापसाचा एक धागा चिकटलेला होता. कोंडाबाईला तो दिसत होता. हुमानं मॅडमकडं पाहिलं नाही, ओट्यावरच्या माणसांकडं पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी घरीच असते."

"रजिस्टरला तर जिनिंग लिहिलंय."

"कोंडाबाय भोळ्या हायत," जिलानीभाई हसून म्हणाले. "ऐकण्यात काही चूक झाली आसंल त्यांच्या."

मॅडमनी कोंडाबाईकडं पाहिलं. हुमानंही पाहिलं. ओढणीवरचा धागा दाखवायला एक बोट पुरलं असतं. पण शब्द दिलेला होता. कोंडाबाई यासेरचं नाक पुसत उभी राहिली.

पुढच्या दोन दारांनी ओट्यावरचं सगळं ऐकलं होतं. तिथंही तेच, 'घरीच असते'. आणि ही गोष्ट एका गल्लीचीच होती असंही नाही. पलीकडच्या आळीत रुद्राणीच्या सासूनं, साखराबाईनं, तर दार अर्धंच उघडलं. "आमचं पाटलाचं घर हाय, बाई. आमची रुद्राणी कामाला कशाला जाईल? रानात जराशी चक्कर मारती, पाय मोकळे करायला." ती पाय मोकळे करणारी रुद्राणी सकाळी आठला जायची ती दुसऱ्याच्या रानातून दिवे लागायला परतायची. शेजारच्या भावकीतल्या घरानंही साखराबाईचाच कित्ता गिरवला.

एकविसातून पाच गेले.

परत येताना कोंडाबाईच्या ध्यानात आलं की घोळ त्या एका शब्दात होता. या गल्ल्यांत दिवसभर राबणं वेगळं आणि कामाला जाणं वेगळं. बाई मर-मर मरेल, पण ती कामाला जात नसते. कामाला जाते म्हटलं की त्या घरचा माणूस कमी पडला, असं चारचौघांत कबूल केल्यासारखं होतं. मॅडमनी 'दिवसभर लेकरू कुणापाशी असतं?' एवढंच विचारलं असतं, तर पाचही दारांनी तिचं नाव घेतलं असतं. हे तिला माहीत होतं, जन्मापासून माहीत होतं. तरी 'हाव म्हणायचं' एवढं सांगून ती गाफील राहिली.

तिनं मॅडमना सांगून पाहिलं. मॅडम वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "मला कळतंय हो. पण यात होय आणि नाही, दोनच घरं आहेत. आणि तुमचं रजिस्टर एक सांगतंय, आई दुसरं."

महिन्याभरात कागद आला. पटसंख्या अपुरी, अनुदान बंद. इथवर कोंडाबाईनं सोसलं असतं. पण त्याखाली एक ओळ होती, 'सेविकेने बोगस नोंदी केल्याचे दिसून येते.' मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली. मग दुसरीकडं बघत म्हणाल्या, "आईनं लेखी दिलं तर बघू."

कोंडाबाई दुपारच्या सुट्टीत जिनिंगच्या फाटकावर गेली. हुमा बुरख्यावरचा कापूस झटकत बाहेर आली.

"हुमा, एक कागुद दे लिहून. तू हितं येतीस एवढंच. हाफिसात जाईल, गल्लीत न्हाई."

"हाफिसातला शिपाई आमच्याच गल्लीतला हाय, मावशी."

"मग मी बोगस का?"

"तसं कुठं म्हणते मी?" हुमाचे डोळे भरले. "मी सही केली की आसिफला फोन जातो. तो म्हणल, बस घरी. मग कागदावर मी कामाला जाते अन् खरं तर घरी बसते. तुमीच सांगा, काय करू?"

"अन् माझं काय?"

"तुमचं मन मोठं हाय मावशी."

बाकी सगळं कोंडाबाई विसरली असती, हे वाक्य नाही. कुणी अंगावर थुंकलं असतं तरी पुसून टाकता आलं असतं. ती तशीच उन्हातून घरी आली आणि रामकिशननं विचारलं तरी जेवली नाही. दीड वर्ष दुसऱ्याचं गुपित सांभाळलं आणि त्याच गुपितानं तिला खोटारडी ठरवलं. आणि जिनं ठरवलं, ती वर मनाच्या मोठेपणाचं कौतुक करून गेली.

एक तारखेला पाळणाघराला मंडळाचं कुलूप लागलं. लेकरं पांगली. कुणी आजीपाशी, कुणी रानात, कुणी थोरल्या बहिणीची शाळा बुडवून तिच्या कडेवर.

दोन तारखेला सकाळी लुना थेट कोंडाबाईच्या घरापुढं येऊन थांबली. पुढं यासेर उभा, कानटोपी घातलेला. जिलानीभाई त्याला घेऊन खाली उतरले.

"कोंडाबाय, कालपासून नुसतं रडून राहिलंय बघा. आजी-आजी करून राहिलंय. आता तुमच्या घरीच सांभाळा की. तुमच्यावाचून कोण हाय त्याला?"

यासेरनं दोन्ही हात पसरले. कोंडाबाई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. उठली, पण खाली उतरली नाही.

"त्याची आई घरीच असती ना, जिलानीभाई?"

जिलानीभाई यासेरची कानटोपी सारखी करायला लागले.

"तुमीच सांगितलं मॅडमला, चारचौघांत. मग घरीच ठिवा की लेकराला. आईपाशी."

"कोंडाबाय..."

"भोळी हाय मी. ऐकण्यात चूक झाली आसंल तर सांगा."

यासेर अजून हात पसरून होता, मग त्याचा ओठ लोंबला. जिलानीभाईंनी त्याला उचलून पुन्हा पुढं उभं केलं आणि लुनाला दोन-तीन किका मारल्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचं रडणं ऐकू येत होतं. वळल्यावरही थोडं आलं.

"घ्यायचं होतंस," आतून रामकिशन म्हणाला. "लेकराची काय चुकी?"

गिरणीची लाईट दहाला जाते आणि दळणाला रांग असते. कोंडाबाई खाली बसली, सूप मांडीवर घेतलं आणि उरलेल्या ज्वारीतले खडे निवडायला लागली.