हापूसची कोय

ऐंशीनंतरची गोष्ट. मृगाच्या तोंडावर मी हातखंब्याच्या नाक्यावर हापूसची कलमं विकायला बसायचो. गिऱ्हाईकाला सांगायचो, "बिनघोर न्या. आईसारखंच निघेल."

एकदा एसटीची वाट पाहत एक वयस्क बाई माझ्याशेजारी टेकल्या. सुती पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांनी आंबा खाल्ला, कोय नळावर चोळून धुतली आणि रुमालात बांधली.

मी म्हटलं, "लावणार असाल तर फुकट मेहनत, बाई. कोयीला हापूस धरत नाय. कलम न्या, आईसारखंच निघेल."

"मला सांगता?" त्या हसल्या. "आईबापाचं पोरांत कसं उतरतं, पेशीतल्या रेणूत ते कसं लिहिलेलं असतं, यातच माझं आयुष्य गेलं. त्यावर पुस्तकं लिहिलीत मी."

मला रागच आला. एवढं शिकून बाई कोय लावायला निघाल्या होत्या!

"कलमाचं काय येणार ते आधीच ठाऊक. कोयीचं सांगता येत नाही. आंबटही निघेल." त्यांनी रुमालाची गाठ चाचपली. "माझी आई लोकांच्या गोठ्यात शेण काढायची, आजीही तेच. मी कलमाची असते, तर आजही पाटी घेऊन तिथंच उभी असते."

एसटी आली. पिशवी वर देताना मी विचारलं, "हे लिहिलंत काय पुस्तकात?"

"छे! शास्त्रात बसत नाही ते."

गाडी गेली. मागोमाग गिऱ्हाईक आलं, पोटुशी बायको बरोबर. कलम त्यांच्या हातात दिलं, पण माझं ते नेहमीचं वाक्य काही तोंडातून निघेना.