आबांच्या डोक्यावर वाळलेली टोपी

पलटणीत टोपी सगळ्यांना सारखीच मिळते, पण ती बसवायची ज्याची त्याने. नवी टोपी भाकरीसारखी पसरट असते. ती गरम पाण्यात भिजवायची, ओलीच डोक्यावर चढवून उजव्या कानाकडे ओढायची आणि वाळेपर्यंत काढायची नाही. देवळालीच्या आमच्या बराकीत माझ्याइतकी रुबाबदार टोपी कुणाची नव्हती. सुट्टीवर दिंडोरीला गेलो की घरीही मी हेच ऐकवायचो.

एकदा दुपारी मी झोपलो असताना आईनं ती टोपी धुतली. उठून पाहतो तर आबा ती ओली टोपी घालून द्राक्षबागेत छाटणी करत होते. मी आईवर भडकलो.

ती म्हणाली, "तूच सांगतो ना, डोक्यावरच वाळवायची. तू तर झोपेल होता."

आबांचं डोकं माझ्याहून मोठं. सुट्टी संपवून देवळालीला परतलो, तर परेडला टोपी कानावर लोंबायला लागली. कवायत घेणाऱ्या उस्तादांनी विचारलं, "टोपी तेरी है, सर किसका है?"

"पिताजी का, उस्ताद."

मैदानाला पाच फेऱ्या मिळाल्या, त्या मी ताठ मानेनं मारल्या. मग परेडसाठी दुसरी टोपी बसवली. त्या पहिलीला मात्र मी पुन्हा पाणी लावलं नाही.