आठ इंच दोन सूत

मी चौथी शिकलो. पण बाजव्याच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डिंग केलं आणि माझा एकही सांधा कुणी परत पाठवला नाही, हे आधी सांगतो. पुढचं वाचून कुणी मला अडाणी समजू नये.

मुलगी मात्र आकाशातलं शिकली. पुण्याच्या पुढे शेतांत जाळीच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत, तिथं ती काम करायची. एका दूरच्या आकाशगंगेत तारा फुटला होता. त्याच्या रेडिओ लहरी तबकड्या पकडायच्या आणि ते टेपवर उतरायचं. कॅसेटच, जरा वेगळी. ती टेप घेऊन मुलगी अमदाबादच्या संस्थेत चालली होती. वाटेत निजामपुऱ्याला आमच्या घरी राहिली.

"बाबा, ही टेबलावरच राहू द्या. अजून दुसरी प्रत नाही. तो तारा विझत चाललाय, परत मोजता यायचा नाही."

"टेबलावर? बाई पुसायला येते. माझ्या लोखंडी कपाटात ठेव."

"पण कशाला..."

"घर माझं आहे."

तिनं कपाटातल्या शालीच्या घडीवर ठेवली. सकाळच्या गाडीनं टेप घेऊन गेली.

दुपारी पक्कड काढायला कपाट उघडलं, तर आतल्या पत्र्याला माझं चुंबक चिकटलेलं. दोन पट्ट्या काटकोनात धरून ठेवतं ते, बोट सापडलं तर रक्त काढेल असं. चुंबकानं टेप पुसली जाते हे मला कुणी शिकवायला नको. उपटून मागच्या अंगणात भिरकावलं.

जेवण गेलं नाही. मांडवीच्या बाजारापर्यंत चालत गेलो, काही न घेता परत आलो. बायको म्हणाली, "अहो, तिला सांगून टाका." पोरीनं आधीच नको म्हटलं होतं, म्हणून तर जीभ रेटत नव्हती.

घरी फोन नव्हता. संध्याकाळी एसटीडी बूथवरून तिच्या गेस्ट हाउसला लावला आणि एका दमात सांगितलं. वाटलं, रडेल. तिनं माप विचारलं.

"टेपपासून किती लांब होतं?"

"उपटून फेकलं ना मी!"

"अहो बाबा!"

घरी धावलो. पत्र्यावरच्या धुळीत चुंबकाचा स्वच्छ चौकोन होता. शालीच्या घडीवर टेपच्या डबीचा दाब तसाच होता. मोजपट्टी तीनदा लावली, अगदी सुतापर्यंत, इंचाच्या आठव्या भागापर्यंत.

"शुं काका, पाछा?" मी परत आलेला बघून बूथवाला हसला.

"आठ इंच दोन सूत," मी फोनवर ओरडलो.

"नक्की?"

"माप माझं आहे."

"मग बहुतेक वाचली. तेवढ्या लांबून चुंबकाचा जोर फारसा उरत नाही. उद्या मशीन मोकळं झालं की लावून बघते."

बहुतेक! बहुतेक म्हणून मी कधी पाइप जोडला नाही. दुसऱ्या दिवशी दहापासून बूथच्या बाकड्यावर बसलो, उठलो, रस्त्यापर्यंत जाऊन आलो. संस्थेचा नंबर चार वेळा लावला. "बेन जागेवर नाहीत." पाचव्यांदा ती स्वतः आली.

"बाबा, आहे सगळं. तारा मंद झालाय, पण आहे."

"चुकलं पोरी" हे कालपासून तोंडात तयार होतं. निघालं भलतंच. "म्हटलं होतं ना, माझ्या कपाटात काही होत नाही!"

ती इतकी हसली की बूथवाल्यानं मान वर केली. ती हसत असताना मी "चुकलं" म्हणून घेतलं. तिला ऐकू गेलं की नाही, मी आजवर विचारलेलं नाही.